गच्चीवर बूट चालत नाहीत

नानांच्या गच्चीवर बूट घालून चढलेला माणूस मी पाहिला नाही. खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं मी नानांशिवाय तिथं चढलेला माणूसच पाहिला नाही.

जळगावात मेहरूणला त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत मी भाड्यानं राहत होतो. मागच्या तीन खोल्यांत नाना एकटे. बायको वारून तेव्हा वर्ष झालं होतं. घर बैठं, वर स्लॅब. स्लॅबला कठडा नाही आणि जिनाही नाही. मागच्या भिंतीला एक लोखंडी शिडी कायमची जखडलेली होती. शिडीच्या पायाशी एक फरशी आणि फरशीवर तेलरंगात लिहिलेलं, 'पादत्राणे येथे.' जिथं कोणी चढतच नाही तिथली ही पाटी नाना दर दिवाळीला नव्यानं रंगवायचे.

खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता. नोकरी काय, जात काय, लग्न कधी, यातलं काही नाही.

"गच्ची लागणार आहे का?"

"नाही."

"मग राहा."

मी खरंच बोललो होतो. मला उंचावर गरगरतं. कपडे मी अंगणातल्या दोरीवर वाळवायचो.

नाना मालगाडीचे गार्ड होते. भुसावळहून निघणाऱ्या गाड्यांच्या शेवटच्या डब्यात त्यांची सगळी नोकरी गेली. पुढं काय चाललंय ते दिसत नाही आणि मागं पडलेलं सगळं दिसत राहतं, अशी ती जागा. निवृत्त झाल्यावर माणसाची शाल राहते, नारळ राहतो. नानांची सवय राहिली. त्यांनी बाजारातून गार्डाकडं असते तसली एक शिट्टी आणली, एक लांबट वही आणली आणि घर चालवायला घेतलं.

वहीत वेळा असत. 'दूधवाला ६.४४. चार मिनिटं उशीर. कारण सांगितलं नाही.' 'भाडेकरू ९.४८ रवाना. ९.५१ परत. डबा विसरला.' 'भाडेकरू ९.५२ रवाना.' मी काही गुन्हा केला असता तर पोलिसांना फार कष्ट पडले नसते.

शिट्टी नळाला पाणी आल्यावर वाजे. पाणी एका दिवसाआड यायचं आणि त्याची वेळ पाण्यालाही ठाऊक नसायची. नाना तोटीला कान लावून बसत. पण पाणी आलं की लगेच शिट्टी वाजवतील तर ते नाना कसले? आधी धार नीट लागली का बघायचं, गढूळ पाणी वाहून जाऊ द्यायचं आणि मग शिट्टी. गल्लीतल्या बायका त्या शिट्टीवर हंडे उचलायच्या.

"भाऊ, शिट्टी आधी वाजवायची नसते," ते मला सांगत. "सगळं जागेवर आहे हे आपल्या डोळ्यांनी बघायचं, मग वाजवायची. गार्डानं शिट्टी मारली म्हणजे त्यानं सही केली."

मी त्या काळी एका सरकारी कचेरीत तक्रार खिडकीवर बसायचो. तक्रारी ऐकायचा पगार मिळत असल्यामुळं घरी फुकट ऐकायची मला सवय नव्हती. माझ्या खिडकीचं एक वाक्य होतं, 'हे आमच्यात येत नाही.' दिवसाला चाळीसदा तरी म्हणायचो. वाक्य खोटं नव्हतं. बहुतेक गोष्टी खरोखरच आमच्यात येत नसत.

होळी झाली की गल्लीतल्या सगळ्या गच्च्या वाळवणानं भरायच्या. पापड, कुरडया, शेवया आणि मुख्य म्हणजे बिबडे. ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: ज्वारी भिजवून, आंबवून, दळून तिचा घाटा शिजवायचा, आणि गरम आहे तोवर ओल्या हातानं जुन्या सुती साडीवर त्याच्या गोल चकत्या थापायच्या. उन्हात कडक झाल्या की झाले बिबडे. खान्देशात उन्हाळा बिबड्यांसाठी येतो, बाकी ऊन हे त्याचं भाडं. वाळवण असलेल्या गच्चीवर चप्पल घालून कोणी जात नाही, हा नियम घरोघरचा. नानांनी त्याची पाटी केली एवढंच.

त्या दिवसांत नाना पहाटे सहाला काखेत एक घडी घेऊन शिडी चढायचे आणि संध्याकाळी तीच घडी घेऊन उतरायचे. मधल्या वेळात गच्चीचं नाव काढलं तर म्हणायचे, "वर वाळवणाची जागा आहे." घरात बाई नाही, मग बिबडे करतं कोण, असा प्रश्न कोणालाही पडला असता. मी विचारला नाही. तक्रार खिडकीवरचा माणूस आपणहून प्रश्न विचारत नसतो.

तिसऱ्या वर्षी चैत्रात अक्का आल्या.

अक्का नानांच्या थोरल्या बहीण. राहायला धुळ्याला, गल्ली नंबर पाचात. नवरा जाऊन फार वर्षं झाली होती, मुलगा सुरतेला. हिवाळ्यात त्या न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि काठी हातात आली. मुलगा सुरतेला चल म्हणाला. त्या म्हणाल्या, लिफ्टमध्ये मी मरणार नाही. मग नाना गेले आणि त्यांना घेऊन आले. वहीत नोंद आहे: 'अक्का ४.२० आगमन. बॅग एक. काठी एक.'

निळ्या रेक्झिनची ती बॅग अक्कांनी खाटेखाली ठेवली आणि चेन उघडली नाही. रोज लागणारी दोन लुगडी आधीच बाहेर काढून आणली होती. संध्याकाळी त्यांनी नानांना आपली अट सांगितली. मी भाड्याची पावती घ्यायला गेलो होतो, माझ्यासमोर सांगितली.

"आखाजीलोंग ऱ्हासू. सकायनं कीर्तन दिसनं ते पुढं देखूत. नही दिसनं ते मी मन्हं धुये गाठसू."

सकाळी सहा वाजता टीव्हीवर एक कीर्तन लागायचं. धुळ्याला अक्का ते रोज बघत, आणि इथं ते दिसलं नाही तर आखाजीनंतर त्या धुळ्याला परत जाणार होत्या. अक्षय्य तृतीया म्हणजे आमची आखाजी. लेकी माहेरी येतात, झोके घेतात आणि परत जातात. अक्का चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या, पण माहेरी आलेल्या लेकीचा हिशेब त्यांनी सोडला नव्हता. आखाजीला पंचवीस दिवस होते.

नानांच्या घरी टीव्ही होता, पण तो मुका. केबलवाल्याशी नानांचा अकरा वर्षं विस्तव जात नव्हता, कारण त्यानं एकदा न विचारता गच्चीवरून वायर ओढली होती. मी माझ्या मोबाईलवर कीर्तन लावून दाखवलं. अक्कांनी ते डोळ्याजवळ धरलं, लांब धरलं आणि परत दिलं.

"इतलासा मानूस," त्या म्हणाल्या. "त्याना काय ऐकानं?"

राहिली छत्री. म्हणजे डिश. नानांनी कंपनीला फोन केला, विनंतीची नोंद झाली आणि दुसऱ्या दिवशी पहिला माणूस आला. पायात जाड बूट, कमरेला पट्टा. त्यानं चहा घेतला, मागं जाऊन शिडी बघितली, मान वर करून स्लॅब बघितला.

"काका, छतावर आम्ही काम करत नाही. कठडा नाही. भिंतीला लावून देतो."

भिंतीला लावायची तर एका बाजूला चार मजली अपार्टमेंट आणि दुसऱ्या बाजूला कडुनिंब. आभाळ फक्त गच्चीवरून दिसायचं. तो म्हणाला, मग नाही होणार. नानांनी घड्याळ बघितलं. 'डिशवाला क्र. १. १०.१२ आगमन, १०.३१ रवाना. कारण: कठडा.'

दुसरा म्हणाला, छतावर जाईन पण शिडी भिंतीला तिरकी पाहिजे, ही सरळ आहे. तिसऱ्यानं शिडी मान्य केली, कठड्याकडं काणाडोळा केला, आणि पाय शिडीवर ठेवणार तोच नानांनी फरशीवरच्या पाटीकडं बोट केलं.

"बूट?"

"बूट काढून वर जायचं नाही असा नियम आहे आमचा."

"आणि बूट घालून वर जायचं नाही असा आमचा."

दोघंही नियमानं बोलत होते, त्यामुळं भांडण होण्यासारखं काही नव्हतं. तो माणूस समजूतदार होता. म्हणाला, "काका, दुपारचं ऊन बघा. स्लॅबवर भाकरी भाजेल. अनवाणी कोण जाईल?"

"माझी बायको तीस वर्षं डोक्यावर पातेलं घेऊन या शिडीनं चढली," नाना म्हणाले. "अनवाणी."

"त्या सकाळी चढत असतील."

हे नानांना लागलं. दुपारचा एक वाजला होता आणि तो वैशाखाच्या तोंडावरचा जळगावचा एक होता. त्यांनी चपला फरशीवर काढल्या, धोतराचा सोगा खोचला आणि शिडी चढून वर गेले. आम्हाला वरून पावलांचा आवाज आला, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. अगदी सावकाश. मग ते उतरले, चपला न घालताच माझ्या पुढून घरात गेले, आणि थोड्या वेळानं मोरीत बादली सरकल्याचा आवाज आला. तिसरा माणूस तेवढ्यात निघून गेला होता. वहीत त्याच्यापुढं कारण लिहिलेलं नाही. चार दिवस नाना टाचांवर चालत होते. कोणी विचारलं तर म्हणायचे, संधिवात.

चौथा आला, पाचवा आला. पाचव्यानं तर घराच्या वळणावरूनच स्लॅब बघितला आणि गाडी वळवली. नानांनी त्याचीही नोंद केली: 'न थांबता पास झाला.'

आखाजीला आठ दिवस राहिले. त्या संध्याकाळी नाना माझ्या दारात आले. नानांनी माझ्या दारात येणं हे फार क्वचित घडायचं, कारण दार त्यांचंच होतं.

"भाऊ, डिश दुकानात मिळते," ते म्हणाले. "मी विचारून आलो. ड्रिल मी आणतो. तुम्ही चढता का? मी खाली शिडी धरतो."

मला उंचावर गरगरतं हे आधी सांगितलंच आहे. पण त्या दिवशी मला जेवढं गरगरतं त्यापेक्षा मी जास्त सांगितलं. डॉक्टरचं नाव सांगितलं. एकदा कळसावरून पडता पडता वाचलो असंही सांगितलं. मी जन्मात कुठल्या कळसावर गेलेलो नाही. आणि शेवटी माझ्या तोंडून गेलं, "नाना, हे माझ्यात येत नाही."

नाना म्हणाले, "बरोबर आहे." आणि गेले. मी दार लावून घेतलं. मागच्या खोलीत अक्कांची काठी इकडून तिकडं वाजत होती. नानांना त्या काठीच्या आवाजाची सवय झाली होती हे मला दिसत होतं. पूर्वी ते सकाळी स्वतःशी बोलायचे, आता त्यांना उलट उत्तरं मिळत होती. 'तू राहा' एवढे दोन शब्द त्यांनी बहिणीला म्हटले असते तर काम झालं असतं. पण ते म्हणायचे नाहीत. ते डिशवाल्यांना फोन करायचे.

शकीलभाई मला कचेरीत सापडले. नशिराबादचे. पंखे, मोटारी, डिश, सगळं दुरुस्त करायचे. कंपनीचे नव्हते, स्वतःचेच होते. माझ्या खिडकीवर कसलीतरी तक्रार घेऊन आले होते. मी सवयीनं आमच्यात येत नाही म्हणालो, आणि मग त्यांच्या पिशवीतून डोकावणारं ड्रिल बघून विचारलं, "तुम्ही छतावर चढता का?"

"त्यासाठीच तर छत असतं."

"बूट काढावे लागतील. वर वाळवण आहे."

"मग काढायचेच," ते म्हणाले. "आमच्या घरी अम्मी वर पापड घालते. चप्पल दिसली तर जेवण बंद. फक्त दुपारी नाही येणार. पहाटे सहाला येतो, स्लॅब गार असतो."

इतकी साधी गोष्ट होती. पाच माणसांना आणि नानांना सुचली नव्हती.

पहाटे सहाला शकीलभाईंनी फरशीवर चपला काढल्या. नाना काखेतली घडी घेऊन आधीच वर जाऊन आले होते. म्हणाले, "डाव्या कोपऱ्यात लावा. मधे जाऊ नका." शकीलभाई चढले. बराच वेळ वर काही आवाज नव्हता. मग ड्रिल सुरू झालं. सव्वासातला ते उतरले, नानांनी हात धुवायला पाणी दिलं, आणि नाना चहा आणायला आत गेले तसे शकीलभाई माझ्याजवळ सरकले.

"भाऊ, वर साडी पसरलीय," ते हळू आवाजात म्हणाले. "चार कोपऱ्यांवर चार दगड. पण तिच्यावर काहीच नाही. एक बिबडा नाही. नुसती साडी."

मी मान वर करून स्लॅबकडं बघितलं.

"मी ड्रिलची धूळ पडू नये म्हणून माझा रुमाल अंथरला तिच्यावर," ते म्हणाले. "निघताना झटकून आणला."

नाना चहा घेऊन आले. आम्ही तिघांनी चहा घेतला. त्या दिवशी मला माझ्या कळसाची फार शरम वाटली. हा माणूस तीन उन्हाळे बायकोची साडी पहाटे पसरत होता आणि संध्याकाळी घडी करून उतरवत होता, आणि मी खाली अंगणात माझे शर्ट वाळवत होतो.

टीव्ही लागला. दुसऱ्या दिवशी सहाला कीर्तन सुरू झालं आणि अक्का पदर सावरून समोर बसल्या. नाना दारात उभे राहून कीर्तनकाराच्या वेळा लिहीत होते. आखाजी आली, पुरणपोळी झाली, आंब्याचा रस झाला. बॅगेची चेन मात्र बंदच. नाना येता-जाता खाटेखाली बघायचे. "शेवटचा डबा दिसल्याशिवाय गाडी आली असं म्हणू नये," ते मला म्हणाले. मी विचारलं नाही कशाबद्दल.

आखाजीच्या तिसऱ्या दिवशी अक्कांनी ज्वारी भिजत घातली. घरात एक बिबडा नाही, गल्लीत तोंड दाखवायला जागा नाही, असं त्यांचं म्हणणं. ती आंबल्यावर एका पहाटे घाटा शिजला. लसणाचा वास माझ्या खोलीपर्यंत आला. आणि मग दोघा भावाबहिणींत बोलणं झालं ते मी माझ्या ओट्यावरून ऐकलं.

अक्कांचं आणि भावजयीचं बिबड्यांवरून जन्मभर वाकडं होतं. अक्का घाट्यात लसूण घालत, नानांची बायको घालत नसे. एका आखाजीला अक्कांनी तिच्या घाट्यात न विचारता लसूण टाकला, आणि पुढं सात वर्षं त्या माहेरी आल्या नव्हत्या.

नाना म्हणाले, "वर साडी पसरेल शे."

"मी जानस तू काय पसरस," अक्का म्हणाल्या. "शेजारनी सांगं माले. तिनी साडीवर मना लसूनना बिबडा नको. ती बसेल व्हई तठे."

नाना उठले. आत गेले, पाना घेतला, घाट्याचं पातेलं आणि सुती कापडाचा एक धुतलेला तुकडा घेतला आणि शिडी चढले. खाली कीर्तन चाललं होतं. कीर्तनकार अर्ध्या ओवीत थांबला, पडदा निळा झाला आणि टीव्ही मुका पडला.

अर्ध्या तासानं नाना उतरले. हात घाट्यानं माखलेले.

"काय करं रे?" अक्कांनी विचारलं.

काय केलं होतं ते त्यांनी सांगितलं. डिशचा नट सैल करून तिला आभाळाकडं तोंड करून झोपवली, वर ओलं कापड अंथरलं आणि त्यावर बिबडे थापले. सात बसतात. ऊन सगळीकडून लागतं. धूळ नाही. साडीपासून दहा पावलं लांब.

मी ओट्यावर बसून होतो. डोळ्यांपुढं बॅग दिसत होती. पंचवीस दिवसांची खटपट, पाच डिशवाले, भाजलेले पाय, शकीलभाई, आणि या माणसानं आपल्या हातानं कीर्तन घालवलं होतं. घाईघाईनं मी आत गेलो आणि म्हणालो, शकीलभाईंना फोन करतो, बिबडे वाळले की ते येऊन डिश सरळ करतील.

अक्का मुक्या टीव्हीकडं बघत मला म्हणाल्या,

"आनी पुढला साले हाऊ परत हाईच करी ना?"

"करीन," नाना म्हणाले.

"मंग ऱ्हाऊ दे," अक्का म्हणाल्या. "घडी घडी कोन वर चढी?"

मग त्यांनी काठीनं बॅग खाटेखालून ओढली, चेन उघडली आणि लुगडी एक एक करून फळीवर लावायला घेतली. नाना दारात उभे राहून बघत होते. बॅग पूर्ण रिकामी झाल्यावर त्यांनी खिशातून शिट्टी काढली आणि वाजवली. गल्लीतल्या चार बायका हंडे घेऊन बाहेर आल्या.

पुढं माझी धुळ्याला बदली झाली. योगायोग असा की खोली मिळाली ती गल्ली नंबर पाचाच्या जवळच. दर उन्हाळ्यात जळगावहून कोणी ना कोणी येताना नानांनी पाठवलेली पिशवी आणायचं. पिशवीत लसणाचे बिबडे असत, आणि एकही सपाट नसे. सगळे बशीसारखे किंचित खोलगट. तळायला जरा त्रास पडे, पण मला त्या खळग्यातून सगळी बातमी कळायची. डिश अजून झोपलेली आहे. टीव्ही अजून बंद आहे. नाना चढतात. अक्का आहेत. फोन करायची गरज पडत नसे.

यंदा पिशवी आली आणि बिबडे सपाट निघाले.

मी एक उलटापालटा करून बघितला. दुसरा बघितला. मग फोन केला. नानांनीच उचलला, तेव्हा जिवात जीव आला.

"नाना, बिबडे सपाट आलेत."

"अंगणात खाटेवर वाळवले."

"डिश?"

"शकीलभाई येऊन सरळ करून गेले. टीव्ही लागतो. अक्का कीर्तन बघते. सगळं स्वच्छ दिसतं म्हणते."

"आणि साडी?"

"घडी करून ठेवली."

"का पण?"

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"गुडघे गेले भाऊ," नाना म्हणाले. "छतावरचं काम आता आमच्यात येत नाही."

हे वाक्य मी खिडकीवर बसून हजारो लोकांना ऐकवलं आहे. कुणाला ते कसं ऐकू येत असेल हे मला माहीत नव्हतं. फोन ठेवला आणि शनिवारी संध्याकाळची जळगावची एसटी धरली. अक्कांना एवढंच कळवलं की ज्वारी भिजत घाला, आंबायला वेळ लागतो.

त्यासाठी आणखी तीन दिवसांची रजा टाकावी लागली. बुधवारी पहाटे घाटा तयार झाला. सहाला मी शिडीच्या पायाशी उभा होतो. नाना फरशीशेजारी खुर्ची टाकून बसले होते, गुडघ्यांवर वही आणि हातात घड्याळ. मी चपला पाटीवर काढल्या. काखेत साडीची घडी, एका हातात पातेलं, पातेल्यावर ओलं कापड, खिशात पाना.

"खाली बघू नका," नाना म्हणाले. "शेवटच्या डब्यात बसल्यासारखं मागं बघत राहा."

हा सल्ला मला आजही कळलेला नाही. मी डोळे मिटून चढलो. तीनदा थांबलो. वर गेल्यावर आधी गुडघ्यांवर बसलो आणि तसाच रांगत मधे गेलो. स्लॅब गार होता. चार दगड आपापल्या जागी होते. मी साडी पसरली. पोपटी काठांची, विरलेली, धुवून धुवून पांढरी पडलेली. चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. मग तिच्या कडेकडेनं रांगत डाव्या कोपऱ्यात गेलो. खालून कीर्तन स्पष्ट ऐकू येत होतं.

"म्हणून सांगतो," कीर्तनकार म्हणत होता, "माणसानं आयुष्यात एकच गोष्ट लक्षात..."

मी नट सैल केला आणि डिश आडवी झाली.

"गया टीव्ही!" खालून अक्का ओरडल्या. पाहुणा आल्यावर ओरडावं तसं.

मी कापड अंथरलं. हात ओला करून पहिला बिबडा थापला. तो वाकडा झाला. दुसरा बरा झाला. सातवा बसल्यावर मी खाली बघितलं. खाली बघायचं नाही हे मी विसरलो होतो. नाना मान वर करून बघत होते.

"सात?" त्यांनी विचारलं.

"सात."

"साडी?"

"पसरली."

त्यांनी वहीत वेळ लिहिली. मग खुर्चीचा हात धरून उभे राहिले आणि शिट्टी वाजवली.